नगण्य पदांना नमस्कार

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते फळ्याला नमस्कार करत होते.

उपयोजित गणिताच्या विभागातला माझा तो पहिला दिवस. गार्डन रीचहून बसनं एस्प्लनेड, तिथून ट्राम, मग जिने, असं करत मी धापा टाकत वर्गाच्या दारात पोचले, तर धोतर आणि चुरगळलेला झब्बा घातलेला एक किरकोळ माणूस फळ्याकडे तोंड करून, हात जोडून उभा. बंगाल्यांचं आणि सरस्वतीचं सख्य मला लहानपणापासून ठाऊक. मला वाटलं, प्रार्थना चाललीय. मी दारातच चपला काढल्या आणि हात जोडले. वर्गात खसखस पिकली.

सर वळले. माझ्या उघड्या पायांकडे बघून म्हणाले, "बरं केलंस, मा. घरातून कुणी निघालं की उभं राहावं." मग पुन्हा फळ्याकडे वळून, समीकरणाच्या अगदी शेवटी बसलेल्या एका लहानशा पदाला ते म्हणाले, "एशो." आणि डस्टरनं ते पुसून टाकलं.

सर बोलायचे बंगालीत, मधेमधे इंग्रजीत. मी सगळं मराठीत सांगतेय, त्यात त्यांचा निम्मा गोडवा गळून जाणार. पण हे एक "एशो" तसंच ठेवते. एशो म्हणजे ये. बंगाली माणूस निरोप देताना जा म्हणत नाही, ये म्हणतो. आपल्याकडेही तेच. घरातून निघताना मी चुकून "जाते" म्हटलं की आई आतून ओरडायची, "येते म्हण!" त्यामुळे सरांचा तो शब्द मला परका वाटला नाही. परकं वाटलं ते एवढंच, की हा माणूस तो शब्द गणिताच्या पदाला म्हणत होता.

त्याचं असं आहे. वारा, पाणी, उष्णता यांचं खरंखुरं समीकरण मांडायला बसलं तर ते इतकं लांब होतं की देवालासुद्धा सुटणार नाही. म्हणून आम्ही त्यातली बारीकसारीक पदं सोडून देतो, उरलेलं सोडवतो, आणि उत्तर जवळपास बरोबर आलं की समाधान मानतो. आमचा सगळा धंदाच या सोडून देण्यावर चालतो. बाकीचे प्राध्यापक अशा पदावर फर्रकन एक काट मारत. सरांना ते असभ्य वाटे. "न सांगता हाकलून द्यायला तो काय चोर आहे?" ते म्हणत. "त्याला सांगा की बाबा रे, आज घरात जागा नाही. हात जोडा. ये म्हणा. कारण एक दिवस तो खरंच परत येईल, आणि त्या दिवशी तुम्हाला त्याचा चेहरा ओळखता आला पाहिजे."

परीक्षेतसुद्धा ज्या पदाला सोडलं त्याचा उल्लेख केला नाही तर सर गुण कापत. आमच्या आधीच्या तुकडीतल्या एका मुलानं म्हणे उत्तरपत्रिकेत पदाशेजारी चक्क जोडलेल्या हातांचं चित्र काढलं होतं. सरांनी त्याला पूर्ण गुण दिले आणि खाली लिहिलं, बोटं नीट काढ.

फळ्यावर इतका शिष्टाचार पाळणारा माणूस स्वतःच्या संसारात मात्र बेधडक पदं सोडत असे. त्यांचा लाडका शब्द होता नगण्य. त्यांच्या तोंडी तो "नॉगोन्नो" असा गोल होऊन यायचा. दोन पायांत दोन वेगळ्या चपला, नॉगोन्नो. ट्राम दोन थांबे पुढे गेली, नॉगोन्नो. छत्री विसरणं तर इतकं नित्याचं की काकीमांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, ओळखीच्या सगळ्या दुकानदारांना सांगून ठेवलं होतं, बेवारशी छत्री दिसली तर आमच्याकडे पाठवा. त्यातून त्यांच्या घरात स्वतःच्या हरवलेल्या छत्र्यांहून जास्त छत्र्या जमल्या होत्या. माणसांची नावंही नगण्य. मुली सगळ्या मा, मुलगे सगळे बाबा. ही बंगाली लोकांची साधी लाडाची हाक, पण वर्गात "बाबा, तू सांग" म्हटलं की चारपाच बाबा एकदम उभे राहत.

सगळंच त्यांना नगण्य होतं असं मात्र समजू नका. ते दिवस वाईट होते. कॉलेजांच्या भिंती घोषणांनी भरलेल्या, परीक्षा पुढे ढकललेल्या, गल्ल्यांतून बॉम्ब फुटायचे. एकदा तास चालू असताना खालच्या रस्त्यावर धडाका झाला. आमची पाचावर धारण बसली. दोघंतिघं बाकांखाली. सर खडू हातात धरून खिडक्यांची तावदानं थरथरायची थांबेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "हे नगण्य नाही." आणि सगळ्या वर्गाला उठवून आतल्या बोळात नेलं, जमिनीवर बसवलं, स्वतः दाराच्या बाजूला, आम्ही आतल्या बाजूला. उरलेला तास तिथे फरशीवर खडूनं झाला. काय सोडावं आणि काय सोडू नये, हे त्यांना कळत होतं असं मी तेव्हापासून धरून चालले.

सरांचं सगळं प्रेम पाण्यावर. घराच्या व्हरांड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पत्र्याची पन्हळ, तिच्यात नळाचं पाणी सोडून ते लाटा काढत बसत. काकीमांना वाळत घातलेल्या साड्या दर वेळी उचलाव्या लागत. "लोकांचे नवरे दारू पितात," त्या मला म्हणाल्या होत्या, "माझा नुसता ओला होतो. तक्रार तरी कुठल्या तोंडानं करू?"

आणि सरांचं नाव झालं होतं ते हुगळीतल्या बानामुळे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राची मोठी भरती नदीच्या तोंडातून आत घुसते, आणि कधीकधी पाण्याची एक उभी भिंतच उलट्या दिशेनं शहराकडे धावत येते. तोच बान. नावाडी "बान! बान!" ओरडत होड्या काठापासून सोडवून मधल्या पाण्यात नेतात, नाहीतर काठावर आपटून चुरा व्हायचा. समुद्राकडे भरती किती हे कळलं तर शहराच्या घाटावर बान किती उंच येईल, हे सांगणारं एक सूत्र सरांनी तरुणपणी काढलं होतं. ते दोनतीन पुस्तकांतही छापून आलं होतं, सरांच्या नावानं. दर मोठ्या भरतीला सर विद्यार्थ्यांची वरात घेऊन शहरातल्या एका घाटावर जात, पायरीवर खडूनं रेघ ओढत, आणि म्हणत, "इथपर्यंत." बान यायचा, पायऱ्या धुऊन निघायच्या, आणि पाणी रेघेच्या जवळपास पोचलेलं असायचं. आम्ही टाळ्या पिटायचो. सर नदीला नमस्कार करायचे.

मी पीएचडीला सरांकडेच राहिले. माझा प्रबंध त्या सूत्रावरच उभा होता. सूत्र पायाला, वर माझे दोन मजले.

आता आमच्या घरचं सांगते. बाबा रेल्वेच्या मुख्य कार्यालयात, गाड्यांची वेळापत्रकं करणाऱ्या विभागात. मूळचे नागपूरचे, मी पाळण्यात असताना बदली होऊन आले आणि मग दर खेपेला "मुलीचं शिक्षण चालू आहे" म्हणून परतीची बदली टाळत राहिले. ती सबब आता जुनी झाली होती. त्या वर्षी ऑर्डर आलीच. उन्हाळ्यात नागपूरला हजर व्हायचं. आईनं तिकडे एक स्थळही बघून ठेवलं होतं. माझ्या बाजूनं मी एकच गोष्ट मागितली होती, जायच्या आधी प्रबंध सादर करू द्या. मला ती डॉक्टरेट हवी होती. प्रबंध टाइप होऊन आला, बाइंडिंगला जायचा राहिला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आईची इच्छा की निघण्यापूर्वी सरांना एकदा जेवायला बोलवावं. मी म्हटलं, ते जेवायला येत नाहीत, पाण्यासाठी येतात. मग आईनं पंचांग पाहिलं. होळीच्या पुढच्या एकदोन दिवसांत मोठी भरती होती, आणि आमचं क्वार्टर नदीपासून हाकेच्या अंतरावर. "पुरणपोळी शिळीच चांगली लागते," आई म्हणाली, आणि निरोप गेला.

सर आले ते सकाळीच, खांद्यावर कुणाच्या तरी गुलालासकट. आल्याआल्या मला म्हणाले, "चल." काठावर जाऊन उभे राहिलो. आपला शहरातला घाट सोडून सरांनी बान दुसरीकडे क्वचितच पाहिला असेल. तिथे नदी सरळ वाहते. आमच्याकडे ती मोठं वळण घेते.

नावाडी ओरडायला लागले. मग तो आवाज आला, लांबून गोणपाट फाटत यावं तसा, आणि बान वळणावरून आत शिरला. पलीकडच्या काठावर पाणी उंच उसळलं, आमच्या काठाला त्या मानानं ठेंगणं. ते तसंच व्हायचं, वळण आहे म्हटल्यावर. मी निर्धास्त होते. मला आठवत होतं, सरांनी पहिल्याच महिन्यात मला त्या समीकरणातलं वळणाचं पद दाखवलं होतं. ते लहान होतं. शिवाय नदी एकदा डावीकडे वळते, एकदा उजवीकडे. एका वळणानं लाटेचं जे बिघडवलं ते पुढचं वळण सावरून घेतं, म्हणून दोघांची बेरीज नगण्य. सरांनी हात जोडले होते, मीही जोडले होते, "एशो" म्हटलं होतं, आणि पद पुसलं होतं.

बान आमच्यासमोरून पुढे गेला. वळण संपलं. सर टाचा उंचावून बघत होते. वळण संपलं तरी लाट सरळ झाली नव्हती. तिरकीच पुढे निघाली होती, आणि पुढचं उलटं वळण तिला तिरकं होऊनच भेटणार होतं.

पाणी आमच्या घोट्यांपर्यंत आलं. सरांचं धोतर भिजलं. "एशे गॅछे," ते हळूच म्हणाले. आलं.

मला वाटलं, बानाबद्दलच म्हणतायत.

जेवायला बसल्यावर आईनं ताटात पुरणपोळी वाढली, वर दूध द्यायला भांडं घेऊन उभी. सरांनी पोळी खाल्ली नाही. तिची कड दुमडून उभी केली, लांबट पन्हळ केली, तिला एकदा डावीकडे वाक दिला, एकदा उजवीकडे, आणि आईच्या हातातलं भांडं घेऊन एका टोकानं दूध सोडलं. दूध पहिल्या वळणावर एका बाजूला चढलं, उतरायच्या आत दुसरं वळण आलं, आणि ते पोळीवरून बाहेर ताटात सांडलं. सरांनी दुसरी पोळी मागितली. आई माझ्याकडे बघायला लागली.

"शार, ओटा खाबार जिनिश," ती अखेर म्हणाली. आईचं बंगाली भाजीबाजारातलं, पण मुद्दा स्पष्ट होता. ती खायची वस्तू आहे.

"हो हो, खातो," म्हणत सरांनी नदी तोंडात घातली. चावून झाल्यावर बाबांकडे वळून म्हणाले, "तुमच्या मुलीचा प्रबंध चुकला आहे. म्हणजे माझं सूत्र चुकलंय. ती त्याच्यावर उभी आहे."

बाबांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"प्रबंध टाइप होऊन आलाय, सर," बाबा म्हणाले.

"हो. चुकीचा टाइप झालाय."

"पण उत्तर बरोबर येतं ना? हीच सांगते, दर वेळी पाणी रेघेपर्यंत येतं."

"येतं. कारण तळाच्या घर्षणाचा आकडा मी असा बसवला होता की ते यावं. वळणांचं पाप मी घर्षणाच्या माथी मारत आलो. मला माहीत नव्हतं. आत्ता कळलं."

"परीक्षकांच्या लक्षात येईल?"

"नाही येणार. त्यातल्या एकानं माझंच सूत्र आपल्या पुस्तकात घातलंय."

"मग?" बाबांचा आवाज चढला. "मुलीचं वर्ष जाईल. माझी ऑर्डर आलीय. उत्तर बरोबर, परीक्षक खूश, मग तुम्हीच का..."

सरांनी ताटात बोट बुडवून दुधाची एक वाकडी रेघ ओढली. "तुम्ही गाड्यांची वेळापत्रकं करता. डावीकडे वळण आलं की गाडीचा वेग उतरवता?"

"उतरवावाच लागतो."

"थोडा वेळ जातो?"

"अगदी थोडा. पण जातो."

"मग पुढे उजवीकडे वळण आलं की तो वेळ परत मिळतो?"

बाबा हसलेच. "कसा मिळेल? तिथेही जातो. डावं काय नि उजवं काय, दर वळणाचं थोडंथोडं साठत जातं, आणि शेवटच्या स्टेशनावर..." बाबा बोलता बोलता थांबले.

"मी आयुष्यभर धरून चाललो होतो की परत मिळतो," सर म्हणाले.

बाबा हात धुऊन गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला सरांचा भयंकर राग आला होता. दुसरा एखादा महिना नव्हता का ही नदी बघायला? आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि कुजबुजली, "भला माणूस आहे गं, पण आज नको होता यायला."

बाबा आत आले. "चुकलंय हे कळल्यावर वेळापत्रक छापता येत नाही," ते म्हणाले. "पण मला जावं लागेल, सर. ही राहणार कुठे?"

"आमच्याकडे," सर म्हणाले. "दुसरीकडे कशाला?"

काकीमांना त्यांनी विचारलं नव्हतं. ते पद नगण्य धरलं होतं. मी ट्रंक घेऊन दारात उभी राहिले तेव्हा काकीमांनी मला पोटाशी धरलं, आणि सरांशी मात्र दोन दिवस बोलल्या नाहीत. "विचारलं असतं तर वाक्य पुरं व्हायच्या आधी हो म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "पण विचारायचं." नागपूरचं स्थळ थांबलं नाही. त्याचं दुःख आईला झालं.

माझ्या नव्या प्रबंधाचा विषय सरांनीच ठरवला, सरांचं सूत्र का चुकतं. वळणाचं पद परत आत घेतलं. त्याला सरांनी रीतसर बसायला सांगितलं, "एशो, बोशो," आणि मग त्या पदानं माझ्या नाकी नऊ आणले. पन्हळीला लोहाराकडून वाक घालून घेतले. आता व्हरांड्यात आम्ही दोघं ओले व्हायला लागलो. काकीमा साड्या गच्चीवर वाळत घालू लागल्या.

याच सुमारास विभागातली प्राध्यापकाची मोठी जागा रिकामी झाली. सर कित्येक वर्षं तिच्या खालच्या पायरीवर थांबलेले. वयाच्या हिशेबानं ही शेवटची संधी, आणि त्यांच्या पदरात सांगण्यासारखं एकच मोठं काम, ते सूत्र. विभागप्रमुख सज्जन गृहस्थ. त्यांनी मला बोलावून घेतलं, चहा दिला, आणि म्हणाले, "तू जरा सावकाश कर ना, मा. निवड होऊन जाऊ दे. मग काय ते सादर कर. नदी कुठे पळून जातेय?"

मला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. तिकडे नागपूरला बाबांना दर पत्रात "लवकरच" लिहीत होते, तरी मी थांबायला तयार होते. त्या संध्याकाळी व्हरांड्यात मी सरांना तसं सांगितलं.

सर पन्हळीतलं पाणी बघत होते. "मी गणिताच्या मासिकाला कळवलं," ते म्हणाले. "माझं सूत्र मागे घेतोय म्हणून. छापतील ते पुढच्या अंकात. तू आपलं काम वेगानं कर."

"पण सर, तुमची निवड..."

"तू ते पद सध्या सोड."

"सर, तुम्ही हात नाही जोडलेत," मी म्हणाले. माझ्या तोंडून गेलं ते. सरांनी माझ्याकडे बघितलं, आणि नळ बंद केला.

मुलाखतीच्या दिवशी काकीमांनी धोतराला स्वतः इस्त्री केली. चपला एकाच जोडीच्या आहेत ना, हे मी पाहिलं. पुढची हकिकत विभागप्रमुखांनी सांगितली. समितीनं सूत्राविषयी विचारलं. सरांनी खडू उचलला आणि स्वतःचं सूत्र कुठे, कसं, का चुकतं ते असं रंगून दाखवलं की वेळ संपला तरी कुणी थांबवेना. शेवटी समितीतले एक वयस्क सदस्य म्हणाले, तुमच्या कामावर इतकी धारदार टीका आम्ही कुणाकडूनच ऐकली नव्हती. निवड दुसऱ्याची झाली. तेही चांगले गणिती होते. त्यांनी कधी नदीकडे पाहिलेलं नसल्यामुळे त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं.

सर घरी आले. छत्री न विसरता आणली होती, ती कोपऱ्यात ठेवली. कोरड्या पन्हळीशेजारी बसले. काकीमांनी चहा आणला. मी दारात उभी राहून वाट बघत होते की आता तो शब्द येईल, गोल होऊन, नेहमीसारखा. आला नाही.

"थोडं वाईट वाटतंय," सर काकीमांना म्हणाले.

"वाटू दे," त्या म्हणाल्या, आणि शेजारी बसल्या. मी आत निघून गेले. माझ्या पायाखालची फरशी मला दिसत नव्हती.

माझ्या तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते, कडक म्हणून नावाजलेले. माझ्यामागे भिंतीशी खुर्चीवर सर, मार्गदर्शक म्हणून. परीक्षकांना जुनं सूत्र आठवत असावं, त्यावरचं नाव मात्र नाही, आणि त्याचा धनी खोलीत आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. पानं उलटत ते म्हणाले, "तुमची मांडणी ठीक आहे. पण मला सांगा, वळणाचं इतकं सरळ पद आधी सोडून दिलं कुणी? इतका निष्काळजीपणा?"

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"आमि," सर म्हणाले. मी.

वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलानं हात वर करावा तसा त्यांनी हात वर केला होता, आणि चेहऱ्यावर अभिमान ओसंडत होता. "पण सोडताना नमस्कार केला होता," ते म्हणाले. "म्हणून तर आलं परत."

मला डॉक्टरेट मिळाली. बाबांनी नागपूरहून तार केली. आईनं पार्सलनं पुरणपोळ्या पाठवल्या, त्या वाटेत कडक झाल्या, तरी सरांनी त्या पन्हळीसारख्या न दुमडता खाल्ल्या. मला विभागातच शिकवायची तात्पुरती नोकरी लागली. शहराच्या घाटावर सर पुन्हा खडूनं रेघ ओढू लागले, माझ्या सूत्रानं. पाणी पूर्वी येत होतं तेवढंच जवळपास यायचं. बघणाऱ्यांना काही फरक दिसत नसे. सर मात्र दर वेळी माझ्याकडे वळून म्हणत, "आता खऱ्या कारणानं."

काही वर्षांनी ते निवृत्त झाले, त्याच खालच्या पायरीवरून. निरोपाची सभा त्यांच्या जुन्या वर्गात झाली. दिवे गेलेले, उकाडा, हार, शिंगाडे, भाषणं. शिंगाडा म्हणजे तिकडचा सामोसा, त्यातले दोन सरांनी झब्ब्याच्या खिशात टाकलेले मी पाहिले. बोलायला उभे राहिले तेव्हा ते बोललेच नाहीत. फळ्यापाशी गेले आणि पाण्याचं समीकरण लिहायला लागले. सगळं. वारा, तळ, वळणं, मीठ, वरून येणारं गोडं पाणी, एकही पद न सोडता. फळा पुरला नाही तेव्हा भिंतीवर गेले.

"हे पूर्ण आहे," ते म्हणाले. "हे कुणालाच सुटणार नाही. सुटायचं असेल तर कुणाला तरी बाहेर जावं लागतं. त्यानं राग धरू नये."

हातांचा खडू झटकून ते दाराकडे निघाले. आम्हाला सुचेना. टाळ्या वाजवाव्यात तर ते शोभणार नव्हतं. इतक्यात मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला, त्याच्या नावाचा मला आजही पत्ता नाही, सरांचा कुठला तरी बाबा. त्यानं हात जोडले. थोरांना एशो म्हणत नाहीत, म्हणून तो म्हणाला, "आशुन, सर."

मग सगळा वर्ग उभा राहिला. विभागप्रमुख उभे राहिले, ज्यांची निवड झाली होती ते उभे राहिले, काकीमासुद्धा. "आशुन, सर." सर दारात थबकले, आमच्याकडे एकदा पाहिलं, आणि गेले. मी हमसून रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

त्यानंतरच्या सोमवारी माझा लाटांवरचा तास होता. फळ्यावर समीकरण मांडून झालं होतं, शेवटचं लहान पद सोडायचं म्हणून मी हातात डस्टर घेतलं होतं. दार करकरलं. काखेत छत्री, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. सर आत आले आणि सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

"सर, तुम्ही?"

"तुम्हीच म्हणालात ना, या," ते म्हणाले. "आलो."

वर्ग हसला. मीही हसले असावे. मग फळ्याकडे वळले, डस्टर खाली ठेवलं, आणि ते पद आत ठेवूनच उदाहरण सोडवायला लागले. तास संपल्याची घंटा झाली तरी ते सुटलं नव्हतं, आणि कुणी जागचं उठलंही नाही.